कपाटाच्या दाराआड

आई वृद्धांच्या संस्थेत गेली तरी घरातला वास गेला नाही.

सिस्टरने काय करायचं बाकी ठेवलं? गादी फेकली, पडदे उकळत्या पाण्यात घातले. फरशी सकाळ-संध्याकाळ फिनेलने अशी पुसली, की वरच्या मजल्यावरची शेजारीण पदराने नाक धरून म्हणाली, "सिस्टर, घरातच दवाखाना काढलात की काय?" सिस्टरला काही हसू आलं नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी इमारतीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. तिचं खरं नाव टपालवाल्याला ठाऊक असलं तर असेल. चाळीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढलेलं नाक ते. वास येतोय एवढं कळायचं, कशाचा ते कळायचं नाही.

आणि मग एका दुपारी तिने हेडबाईला रंगेहाथ पकडलं.

हेडबाई म्हणजे आईची मांजर. आई शाळेत शिकवायची. सदतीस वर्षं ती नुसती बाईच राहिली, वरच्या खुर्चीवर दरवेळी दुसरंच कुणीतरी जाऊन बसलं. म्हणून मग निवृत्तीनंतर दारात आलेलं हे राखाडी पिल्लू, जे पहिल्या दिवसापासून शेपटी वर करून घरभर तपासणी करत फिरायचं, त्याचं नाव तिने हेडबाई ठेवलं. "घरात तरी एक असू दे," म्हणायची.

तर ही हेडबाई आईच्या खोलीत, कपाटाच्या दाराआड बसली होती. त्या कपाटाची बिजागरी केव्हाची खिळखिळी झालेली, दार कायम अर्धं उघडं, आणि दार नि भिंत यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. तिथल्या घडी घातलेल्या सतरंजीवर मांजर बूड टेकून, समोर बघत, अगदी शांतपणे आपलं काम उरकत होतं. हॉलमध्ये वाळूचा ट्रे स्वच्छ, कोरडा, जसाच्या तसा पडलेला.

"अगं ए भवाने!" सिस्टर ओरडली. मांजर उडालं ते पलंगाखाली.

ओरडून झालं आणि सिस्टर ओल्या सतरंजीकडे बघत राहिली. तिला आईचे शब्द आठवले. सतरंजी ओली सापडली होती, कोपऱ्यातला गालिचाही, आणि आई वॉकर धरून उभी राहून म्हणाली होती, "ते मी नाही गं." त्यावर सिस्टर काय म्हणाली होती? "हो, तू कशाला? मांजराने केलं असेल ना!"

आता तुम्ही म्हणाल, इतकी कशी ही दुष्ट. दुष्ट नव्हती हो. आईसाठी तिने काय कमी केलं होतं? सहा महिन्यांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली. घसरली ती मांजराने सांडलेल्या वाळूवरून, आतून कडी लावलेली, सिस्टरने दार फोडलं तेव्हा आई अर्धा तास फरशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तो अर्धा तास सिस्टरच्या डोक्यातून गेला नाही. आई घरी यायच्या आदल्या दिवशी तिने बाथरूमची कडी काढून टाकली, कमोडची खुर्ची आणली आणि ती हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवली. उजेड भरपूर, पायरी नाही, आणि स्वयंपाकघरातून सरळ नजरेसमोर. मांजराचा ट्रेही बाथरूममधून उचलला आणि त्या खुर्चीच्या शेजारी मांडला. सगळी घाण एका कोपऱ्यात, एका फिनेलच्या बादलीत काम. वॉर्डात असंच करतात. सिस्टर स्वतःवर खूश झाली होती.

वॉर्डात तीस खाटा, पडदे नावाला. सकाळी राउंडच्या आधी सिस्टर दारातून हाळी द्यायची, "कुणाकुणाला झाली नाही अजून? हात वर करा!" आणि भले भले, कुणी वकील, कुणी कारखानदार, निमूट हात वर करायचे. न करून सांगतात कुणाला? सिस्टरला वाटायचं, माणसाला आजारपणात लाज राहत नाही. चाळीस वर्षं तिने हे पाहिलं होतं, म्हणजे पाहिलंय असं तिला वाटत होतं.

घरीही तेच. स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात, "आई, झाली का?" शेजारीण विळी मागायला आलेली असली तरी, "आई, झाली का गं?" आणि भिंतीवर तक्ता. पाणी किती पोटात गेलं, किती बाहेर आलं. आठवड्याभरातच तक्ता बिघडला. आई पाणी प्यायचीच नाही. खुर्चीवर बसवलं की बसायची, ओठ घट्ट मिटून, पंधरा-वीस मिनिटं, आणि काही न होता उठायची. मग बिछाना ओला. ओली चादर उशीच्या अभ्र्यात कोंबून लपवलेली. आणि एक दिवस तर आई कपाटाच्या दाराआड सापडली. वॉकर भिंतीला लावलेला, दुखऱ्या पायावर कशीबशी वाकलेली, खाली कपडे भिजवायची बादली.

"आई! डोकं फिरलंय का तुझं? पडली असतीस तर?"

बाई असताना आईने वर्गात कुणाला रडताना पाहिलं की ती फळ्याकडे तोंड करायची. तशीच तिने भिंतीकडे मान वळवली.

दोन महिन्यांत सिस्टरची कंबर गेली. दिवसाला तीन-तीन चादरी धुणं काय खायचं काम आहे? डॉक्टर आणला. त्याने आईला विचारलं, आजी, आज वार कोणता? शंभरातून सात गेले किती? आई म्हणाली, "परीक्षा घ्यायचं काम माझं होतं." आणि पुढे एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. डॉक्टरने कागदावर लिहिलं, गोंधळ, विसरभोळेपणा. सिस्टरने मान डोलावली. बादलीवर बसणाऱ्या बाईचं आणखी काय होणार?

संस्थेत जायचं ठरलं तेव्हा आई भांडली नाही. दोनच गोष्टी बोलली. "हेडबाईला कुणाला देऊन टाकू नकोस." आणि मग जरा वेळाने, "तिथे दाराला आतून कडी आहे का?" सिस्टरला वाटलं, झालं, आता ही कोंडून घेणार स्वतःला. म्हणाली, "नाहीये. काळजी करू नकोस." आई बरं म्हणाली आणि चष्मा डबीत ठेवला.

त्याला आता साठ दिवस झाले होते. सिस्टरने मोजले होते, तिला मोजायची सवयच होती.

मांजर पकडल्यावर तिने आठवडाभर उपाय केले. कपाटामागे फिनेल ओतलं, ट्रेमध्येही ओतलं, मांजराला मानेला धरून ट्रेमध्ये बसवलं आणि समोर पहारा दिला. मांजर बसायचं, तिच्याकडे बघायचं आणि सुटका झाली की थेट कपाटामागे. शेवटी सिस्टर वैतागली. आईला शब्द दिला होता, पण शब्दाने फरशी कोरडी होत नाही. तिने टोपली काढली, मांजर कोंबलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर वयस्कर, हातभर ओरखडे, आणि माणसांशी बोलायचा कंटाळा तोंडावर लिहिलेला. आधी मांजराची विचारपूस केली, मग हिची.

"काय म्हणते?"

"ट्रे सोडलाय. घरभर करते. कुणी घेणारं असेल तर बघा, मला नाही जमत आता."

डॉक्टरने मांजराचं पोट दाबून पाहिलं, नमुना घेतला, आत जाऊन काचेखाली बघून आला. "खडा नाही, जंतू नाहीत. आजार काही नाही."

"मग खोड आहे."

"खोड-बिड काही नसते हो. जागा पटली नसेल. सांगा, ट्रे कुठे ठेवलाय?"

"हॉलमध्ये. खिडकीजवळ."

"पहिल्यापासून?"

"नाही, आधी बाथरूममध्ये होता. दाराआड. मी हलवला."

"तिथे वर्दळ असते? कुणी येणारं-जाणारं?"

"दरवाजा समोरच आहे. शेजारीण असते कधीमधी."

"म्हणजे ती बसते तेव्हा लोकांना दिसते."

"दिसायलाच ठेवलंय," सिस्टर जरा चिडून म्हणाली. "मी स्वयंपाकघरात असते, नजर ठेवता येते. पडलीबिडली तर?"

डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली. "आणि त्या वेळी तुम्ही तिच्याशी बोलता?"

"विचारते. झाली का म्हणून."

"मांजराला?"

सिस्टरने टोपलीवर हात ठेवला. टोपलीतून मांजर बाहेर बघत होतं.

"नाही," ती म्हणाली. "मांजराला नाही."

डॉक्टर थांबला. बाहेर बाकावर कुणाचं तरी कुत्रं कण्हत होतं. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला, पण आवाज उतरवून. "तिथे बसलेली असताना कधी रागावलात?"

"हो."

"फिनेल?"

"हो. रोज."

"आणि आता जाते कुठे?"

"कपाटाच्या दाराआड. आईच्या खोलीत."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. आडोसा आहे."

"मग झालं तर." डॉक्टरने कागद बाजूला सारला. "हिचं डोकं ठिकाणावर आहे बाई. पाठीला भिंत पाहिजे, कुणी बघायला नको, कुणी बोलायला नको. बास, एवढंच मागतात. नाही मिळालं की धरून ठेवतात. धरवेल तोवर धरतात, मग कुठेही होते. आणि लोक माझ्याकडे येतात, म्हणे वेड लागलंय, कुणाला तरी देऊन टाका." तो बोलत होता ते त्याच्या नेहमीच्या रागाने, त्यात सिस्टरचं काही नव्हतं. "ट्रे जुन्या जागी ठेवा. साध्या पाण्याने धुवा. आणि तिला एकटं सोडा."

सिस्टर घरी कशी आली तिचं तिला माहीत. आल्या आल्या तिने ट्रे बाथरूममध्ये नेला, दाराआड ठेवला, ताजी वाळू ओतली. मग हॉलमध्ये आली. कमोडची खुर्ची अजून खिडकीपाशी होती, पुसून लख्ख. दोन महिने आईला त्या खुर्चीवर बसवलं होतं, पण स्वतः सिस्टर तिच्यावर एकदाही बसली नव्हती. बसेल कशाला?

ती बसली.

समोर दरवाजा. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे खिडकी, आणि खिडकीबाहेर हात लांब केला तर पोचेल एवढ्या गल्लीपलीकडे इस्त्रीचं दुकान. इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होता. त्याने सहज वर पाहिलं, खुर्चीत कुणीतरी बसलंय एवढं त्याला दिसलं असावं, आणि त्याने चटकन मान खाली घातली. नंतर तो पाठ करूनच काम करत राहिला. उलट्या बाजूने शर्ट ओढत, कसाबसा. सिस्टर साडी नीट नेसलेली, सगळं अंग झाकलेलं, तरी तिचे कान तापले. बाथरूमच्या बाजूने वाळू खरवडल्याचा आवाज आला. हेडबाई आत गेली होती.

सिस्टर त्या खुर्चीवर बसून मोठमोठ्याने रडली. तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती संस्थेत पोचली. लांबलचक खोली, आठ खाटा, मधले पडदे हवा खेळावी म्हणून गुंडाळून वर बांधलेले. कामाची मावशी दारातच भेटली. "या सिस्टर! तुमची आजी फार गुणाची हो. कसली कटकट नाही, कसलं मागणं नाही. सकाळी डायपर बांधला की संध्याकाळपर्यंत बघायला नको." सिस्टरने आयुष्यभर अशाच पेशंटना गुणाचं म्हटलं होतं.

आई खाटेवर बसली होती. केस बारीक कापलेले, चष्मा डबीतच. लेकीला बघून ओळखीचं हसली. सिस्टरने आधी स्टुलावर चढून पडद्याची गाठ सोडली, पडदा चारी बाजूंनी ओढून घेतला आणि मग खाली बसली. हळू बोलणं तिला जमत नव्हतं, गळ्याला सवयच नव्हती.

"आई, तू खुर्चीवर का नाही गं करायचीस?"

आईने पडद्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. आता हिला खरंच विचारायचंय की काय, याचा अंदाज घेतला.

"तो इस्त्रीवाला," आई म्हणाली, "चौथीत माझ्या वर्गात होता. पहिल्या बाकावर. मी बसले की तो मान खाली घालायचा." ती थांबली. "रोज घालायचा गं. माझ्यामुळे त्याला मान खाली घालावी लागायची."

"मग मला सांगायचंस ना! एका शब्दाने तरी!"

"कसं सांगू? तू विचारायचीस ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. उत्तर कानात देऊ?" आईने तिचा हात हातात घेतला. "आणि विचारलं होतं मी. कडीचं."

नाक पुसत सिस्टर म्हणाली, "चल. घरी चल. खुर्ची बाथरूममध्ये ठेवते, दार आहे, आजच्या आज कडी बसवते. गालिचासुद्धा तू नव्हता ओला केलास, मला कळलं. मांजर होतं ते."

"मला माहितीये मांजर होतं ते," आई म्हणाली. "कुठे जाते आता ती?"

"दाराआड. जुन्या जागी."

"शहाणी आहे." आईने मांडीवरची चादर नीट केली. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तसं म्हणाली, "मला घेऊन जाऊन काय करशील? आता मला कळतच नाही, कधी होते ते."

सिस्टरला हे नवीन नव्हतं. वॉर्डात नव्याने आलेल्या पोरींना ती स्वतःच दम द्यायची, चालत्या म्हाताऱ्याला डायपर बांधू नका गं आळसाने, काही आठवड्यांत शरीर सोडून देतं आणि पुन्हा धरायला शिकत नाही. किती पोरींना तिने यावरून रडवलं होतं. आणि इथे ती दर रविवारी यायची, आईच्या उशाशी फळं ठेवायची, डायपर बदललाय ना एवढं मावशीला विचारायची आणि जायची. साठ दिवस.

ती आईला घरी घेऊन आली. संस्थेने कागद मागितले, सह्या मागितल्या, तिने कुणाचं ऐकून घेतलं नाही.

कडी तिने स्वतः बसवली. एक स्क्रू वाकडा गेला, तो काढून पुन्हा मारला. खुर्ची आत, भिंतीला धरायला दांडी, पायरीवर फळी, आणि कोपऱ्यात मांजराचा ट्रे, पण वाळू सांडू नये म्हणून खाली मोठा रबरी तुकडा. आई वॉकर सरकवत दारापर्यंत गेली. हेडबाई पायात घोटाळत तिच्याबरोबर आत शिरली.

"तू जा तिकडे," आई म्हणाली.

दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला, आणि सिस्टरच्या डोळ्यांपुढे तो अर्धा तास उभा राहिला, फोडलेलं दार, फरशीवरची आई. तरी ती हॉलमध्ये गेली. खिडकीचा पडदा ओढलेला होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. पाच मिनिटं. दहा. आत मांजराने वाळू खरवडली, मग तेही थांबलं. सिस्टरच्या ओठांवर तो प्रश्न आला, चाळीस वर्षं येत होता तसा, आणि तिने तो दातांखाली धरून ठेवला.

कडी निघाली. आई दारात उभी होती, केस ओल्या हाताने मागे सारलेले.

"वाटेतच होऊन गेली होती," ती म्हणाली. "गाडीत. मला आत गेल्यावर कळलं." आणि मग जराशी ताठ होत, "पण बसले मी. कडी लावून बसले."

सिस्टरने डायपर बदलला. दार लावून, न बोलता.

भिंतीवरचा तक्ता तिने काढून टाकला आहे. हेडबाई आपलं काम चोख करते, घरात आता वास नाही. आई दर दोन तासांनी वॉकर घेऊन आत जाते, कडी लावते, बराच वेळ बसते आणि तशीच परत येते. सिस्टर स्वयंपाकघरात पाठ करून उभी असते. ती विचारत नाही.